‘स्वतंत्र’ म्हणजे नेमकं कोणापासून?

मागच्या अंकात सहज लिहून गेले होते की राजकारण आणि कट्टर गट या बीटवर, म्हणजे पत्रकारितेतल्या या विषयावर, एकट्याने काम करणाऱ्यांना काही विचारायचं असेल तर विचारा, तर पत्रांचा ढीगच येऊन पडला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सात निवडलीत. पत्रं कापून छोटी केलीत आणि नावगाव मीच काढून टाकलंय, का ते चौथ्या उत्तरात कळेल.

ताई, पाच वर्षं डेस्कवर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या बातम्यांच्या कॉप्या साफ करतो. मला राजकारण आणि कट्टरवाद यावर स्वतः काम करायचंय. नोकरी सोडून फ्रीलान्स होऊ का? घरचे म्हणतात वेड लागलंय.

घरच्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नकोस. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं तर ते पळतं नक्की काय आहे ते आधी बघून घे. बाहेरून हे काम म्हणजे मोर्चे, तोंडं झाकलेली माणसं, मध्यरात्री येणारे फोन असं काहीतरी वाटतं. माझ्या आठवड्यातले चार दिवस कागद वाचण्यात जातात. संस्थेची नोंदणी कोणाच्या नावावर आहे, ऑफिसचं भाडं कोण भरतं, निवडणुकीच्या खर्चात हॉलचं बिल दिसतंय का, कोर्टाच्या आदेशात जामीनदार म्हणून कोणाचं नाव आहे. हे वाचताना झोप येत असेल तर डेस्कवरच थांब, मनापासून सांगतेय.

मी आय. एफ. स्टोनचं उदाहरण सगळ्यांनाच देते, ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी पुढे सरका. अमेरिकेत डाव्या विचारांचा नुसता संशय आला तरी नोकऱ्या जायच्या त्या काळात हा माणूस काम करत असलेलं वर्तमानपत्र बंद पडलं आणि दुसरीकडे कोणी घेईना, तेव्हा १९५३ मध्ये त्याने स्वतःचं छोटंसं साप्ताहिक काढलं आणि १९७१ पर्यंत चालवलं. त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे पत्रकार परिषदेत कान टवकारून बसण्यापेक्षा तो छापील वृत्तान्त वाचायचा, आणि त्यातूनच त्याला बातम्या सापडायच्या. १९५७ मध्ये नेवाडात जमिनीखाली अणुचाचणी झाली. सरकारच्या अणुऊर्जा आयोगाने नंतर सांगितलं की तिचा धक्का दोनशे मैलांपलीकडे कुठे जाणवला नाही. ऐकायला तांत्रिक वाटतं, पण त्याचा राजकीय अर्थ असा की चाचणीबंदीचा करार करून काही उपयोग नाही, समोरचा देश चोरून चाचण्या करेल आणि पत्ताही लागणार नाही. स्टोनने मात्र परदेशातही धक्का नोंदला गेल्याच्या दोन-तीन ओळींची कात्रणं जपून ठेवली होती. तो सरळ सरकारच्याच भूकंप नोंदवणाऱ्या खात्यात गेला आणि विचारलं, तर दोन हजार मैलांहून लांब अलास्कात नोंद झालेली निघाली! आयोगाला आकडा दुरुस्त करावा लागला. यात कोणी गुप्त कागद फोडले नव्हते की कोणी अंधारात भेटलं नव्हतं. जुनं कात्रण जपलं आणि योग्य खात्याचं दार वाजवलं, एवढंच.

आपल्या काळातलं हवं असेल तर इलियट हिगिन्स घे. २०१२ मध्ये घरी बसून सीरियातले व्हिडिओ बघत कुठलं शस्त्र कुठे दिसतंय याच्या नोंदी करायला लागला, ना अरबी येत होती ना पत्रकारितेचं शिक्षण. २०१४ च्या जुलैमध्ये त्याने बेलिंगकॅट सुरू केलं आणि काही दिवसांतच युक्रेनवर मलेशियाचं विमान पाडलं गेलं, ते क्षेपणास्त्र कुठून आलं याचा माग या लोकांनी इंटरनेटवर उघड्यावर पडलेल्या फोटोंवरून काढला.

तेव्हा नोकरी आत्ताच सोडू नकोस. संपादकांना सांगून, कंपनीच्या नियमात बसेल तसं, एकच गट धर आणि सहा महिने फक्त त्याच्या नोंदी ठेव, छापू काहीच नकोस. सहा महिन्यांनी तुझ्याकडे इतर कोणाकडेच नाही असं काही असेल तर पुन्हा पत्र लिही.

पैसे कुठून येतात? खरं सांगा.

चार ठिकाणांहून थोडे थोडे आणि नेहमी उशिरा. लेखाचं मानधन, एखादी फेलोशिप, वाचकांची वर्गणी, आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे भाषांतर, संपादन, शिकवणं असली पोटापाण्याची कामं. मला स्वतःला चौथ्यानेच तारलंय.

पण पैशापेक्षा करारातल्या एका कलमाबद्दल बोलायचंय, कारण त्यात मी पोळलेय. बहुतेक करारांत इंडेम्निटी नावाचा परिच्छेद असतो. त्याचा साधा अर्थ, लेखावरून केस झाली तर वकिलाचा खर्च आणि भरपाई लिहिणाऱ्याने द्यायची. मी पहिली तीन वर्षं तो न वाचताच सही करत होते. मग एका नेत्याच्या वकिलाची नोटीस आली, छापणाऱ्यांना फोन केला तर पलीकडून अगदी गोड आवाजात सांगितलं की मॅडम तुमच्या कराराचं अकरावं कलम बघा. कलम बघितलं आणि पोटात खड्डाच पडला. नोटीस पुढे नुसतीच विरली, पण ते दोन महिने मी एक शब्द लिहू शकले नाही, आणि नोटीस पाठवणाऱ्याला तेवढंच तर हवं असतं.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते माल्टात दिसलं. डॅफ्नी करुआना गलिझिया ही तिथली पत्रकार एकटीच स्वतःचा ब्लॉग चालवायची, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या गाडीत बॉम्ब ठेवून तिला मारलं, तेव्हा तिच्यावर अब्रुनुकसानीचे चाळीसहून जास्त दावे चालू होते. ती गेल्यावरही त्यातले बरेच बंद झाले नाहीत, ते घरच्यांच्या गळ्यात पडले. नुसतं दमवायला टाकलेल्या अशा दाव्यांना आळा घालणारा कायदा युरोपीय संघाने २०२४ मध्ये केला, लोक त्याला तिच्याच नावाने ओळखतात.

म्हणून रेट ठरवायच्या आधी ते कलम काढा म्हणा किंवा बदलून घ्या. ‘लेखकाने जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल तरच’ एवढे शब्द घातले तरी जीव वाचतो. बरेच संपादक बदलतात, कारण त्यांनीही ते कधी वाचलेलं नसतं.

माझी दोन वर्षांपासून वर्गणीवर चालणारी न्यूजलेटर आहे, कोणी मालक नाही, जाहिरात नाही. तरी मला मोकळं वाटत नाही. असं का होतंय?

हे पत्र मी चारदा वाचलं. मालक नसला की आपण स्वतंत्र झालो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं, फक्त धनी बदलतो. आधी एक संपादक होता ज्याच्याशी भांडता तरी येत होतं, आता हजार वर्गणीदार आहेत आणि त्यातला प्रत्येक जण मनातल्या मनात तुमच्याकडून काहीतरी ठरावीक मागतोय.

माझ्यासोबत घडलेलं सांगते. एका सभेला गेले होते, ज्या बाजूचे लोक मला वाचतात त्याच बाजूची सभा. व्यासपीठावरून लाखांचा आकडा सांगितला जात होता. मी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून फोटो काढले आणि घरी येऊन पेन्सिलीने चौकोन आखून मोजायला बसले. ही पद्धत जुनी आहे, १९६० च्या दशकात हर्बर्ट जेकब्स नावाच्या, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या प्राध्यापकाने काढली, खिडकीतून खालच्या चौकातली विद्यार्थ्यांची निदर्शनं बघता बघता त्याला दिसलं की फरशीवर चौकोन आखलेलेच आहेत. विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट धरायचे आणि दाटीवाटी असेल तर साडेचार. मी सगळा परिसर दाटीवाटीचा धरला, म्हणजे त्यांना झुकतं माप दिलं, तरी दाव्याच्या एक तृतीयांशच्या वर काही जाईना. तेच लिहिलं. रात्रीतून वर्गण्या रद्द व्हायला लागल्या, आणि प्रत्येक वेळी फोनवर टिंग वाजायचं कारण ती सूचना मीच चालू करून ठेवली होती. एकाने लिहिलं, ‘ताई तुम्हीसुद्धा?’ आदल्या महिन्यात विरोधी बाजूच्या सभेची गर्दी मी ह्याच पद्धतीने मोजली होती तेव्हा ह्याच माणसाने मला दुप्पट वर्गणी दिली होती.

खरा त्रास मात्र पुढच्या आठवड्यात झाला. मी लिहायला बसले आणि माझा मलाच पत्ता न लागता विरोधी बाजूवर एक झणझणीत तुकडा लिहून मोकळी झाले, त्यात नवीन माहिती शून्य. फक्त गेलेले लोक परत यावेत म्हणून. तो पाठवला नाही, पण पाठवायच्या किती जवळ होते ते मलाच माहीत. या बीटवर तर हे जास्तच होतं, कारण भीती आणि राग यांना वर्गणी पटकन मिळते आणि ‘या गटाची ताकद फारशी नाहीये’ या बातमीला कोणी पैसे देत नाही. मग लिहिणारा हळूहळू प्रत्येक चार टाळक्यांच्या बैठकीत वादळ बघायला लागतो. मी चांगल्या चांगल्या लोकांना असं वाहून जाताना बघितलंय, आणि त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की आपण धाडसी झालोय.

मी दोन गोष्टी केल्या. वर्गणी आली-गेली याचा आकडा महिन्यातून एकदाच बघते, लेखावार तर बघतच नाही. आणि माझ्या चुकांची दुरुस्ती न्यूजलेटरच्या सगळ्यात वर देते, तळाला नाही. त्याने काही लोक जातात. राहतात त्यांना हळूहळू सवय होते.

धमक्या येतात का? मी मुलगी आहे, एकटी राहते, घाबरून विषय सोडू का?

येतात. बहुतेक पोकळ असतात, पण कुठली पोकळ हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्या तारीख-वेळेसकट जपून ठेवायच्या. नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नकोस, लिंक आणि त्या अकाउंटचं पूर्ण नावही लिहून ठेव, नाहीतर अकाउंट बदललं की पोलिसांसमोर दाखवायला काही उरत नाही.

घरचा पत्ता हीच खरी जपायची गोष्ट. कामाचा फोन नंबर वेगळा ठेव, कुरियर घरी मागवू नकोस, खिडकीतून दिसणाऱ्या संध्याकाळचा फोटो टाकू नकोस, आणि कुठल्याही सभेतून तिथे असताना पोस्ट नाही, बाहेर पडून घरी पोचल्यावरच. महिन्यातून एकदा स्वतःचंच नाव शोधून बघ की काय काय सापडतंय, कारण समोरचाही तेच करणार असतो.

स्वीडनचा स्टीग लार्सन माहीत असेल, कादंबऱ्यांमुळे. मूळचा तो कट्टर उजव्या गटांवर काम करणारा पत्रकार, १९९५ मध्ये एक्स्पो नियतकालिक सुरू करणाऱ्यांतला. त्याच्या जोडीदारीणीने नंतर सांगितलंय की ते दोघं अनेक वर्षं एकत्र राहूनही लग्न करत नव्हते, कारण लग्न नोंदवलं की पत्ता सरकारी कागदावर उघड होणार. २००४ मध्ये तो अचानक हृदयविकाराने गेला, कायद्यात टिकेल असं मृत्युपत्र नव्हतं, आणि सगळं वडील-भावाकडे गेलं, तिला कायद्याने काहीच नाही. धोक्यापासून पत्ता लपवला आणि बाकीचे कागद करायचे राहिले. तेव्हा वारस, बँक, पासवर्ड कोणाकडे, हे पण सुरक्षेतच मोजायचं.

त्याच देशात १९९९ च्या उन्हाळ्यात नवनाझींवर लिहिणाऱ्या एका पत्रकाराच्या गाडीत बॉम्ब फुटला, तो आणि त्याचा लहान मुलगा जखमी झाले. मग नोव्हेंबरमध्ये चार मोठ्या वर्तमानपत्रांनी, जी एरवी एकमेकांच्या उरावर बसायची, एकाच दिवशी नवनाझी आणि गुन्हेगारी टोळ्यांतल्या ६२ जणांची नावं आणि फोटो छापले. सगळ्यांनी एकदम छापलं की नेम कोणावर धरायचा? एकटीने काम करतेस म्हणजे एकटीनेच छापायला पाहिजे असं नाही. माझ्या दोन सगळ्यात धोक्याच्या बातम्या तिघांच्या नावावर आल्या, एक अजिबात माझ्या नावावर नाहीये आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

विषय सोडायचा की नाही हे मी सांगणार नाही. सोडलास तरी कोणाला उत्तर द्यायला बांधील नाहीस.

एका कट्टर गटातून बाहेर पडलेला माणूस मला सगळं सांगायला तयार आहे. त्याची गोष्ट हादरवणारी आहे. कधी छापू?

गोष्ट जितकी हादरवणारी तितकी उशिरा. २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ‘कॅलिफेट’ नावाचा पॉडकास्ट काढला, त्यात एक माणूस सीरियात जाऊन आयसिससाठी आपण लोकांना ठार केल्याचं सांगत होता. खूप गाजला, बक्षिसं मिळाली. २०२० मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी त्याच माणसावर थाप मारल्याचा गुन्हा दाखल केला, आणि डिसेंबरमध्ये टाइम्सला कबूल करावं लागलं की त्याचं सांगणं आपल्या कसोटीला उतरत नाही. पीबॉडी पुरस्कार परत दिला. एवढी मोठी संस्था, एवढे संपादक, तरी! तुझ्या-माझ्यामागे तर कोणीच नाही.

मी अशा माणसाला आधी भयंकर प्रसंग विचारतच नाही. त्या महिन्यात कुठे राहत होतास, खोलीत किती जण, फोन कोणता होता, घरी कोणत्या सणाला गेला नव्हतास, असलं कंटाळवाणं विचारते आणि तीन आठवड्यांनी तेच उलट क्रमाने विचारते. थापा मारणाऱ्याची मुख्य गोष्ट घोटून पाठ असते, खोलीच्या दाराचा रंग पाठ नसतो. अर्थात खरं बोलणाराही दचकून गोंधळतो, त्यामुळे गोंधळला म्हणजे खोटा असंही नाही. शेवटी प्रवासाचा, पैशाचा किंवा हजेरीचा एखादा कागद त्याच्या बोलण्याबाहेरून यायलाच हवा. तो नाही आला तर छापू नकोस, कितीही जीव तुटला तरी.

यांच्यावर लिहून आपणच त्यांची जाहिरात करत नाही का?

करतो कधीकधी. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवरचा हल्ला हल्लेखोराने लाइव्ह दाखवला, ५१ माणसं गेली, आणि पहिल्या चोवीस तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या पंधरा लाख प्रती काढाव्या किंवा अडवाव्या लागल्या. तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी त्याचं नाव कधीच घेणार नाही असं संसदेत सांगितलं. पुढे खटल्याच्या वेळी तिथल्या मोठ्या माध्यमसंस्थांनी मिळून ठरवलं की त्याची घोषणाबाजी, खुणा, जाहीरनामा यांना जागा द्यायची नाही.

माझा नियम साधारण असा की गट चार भिंतींच्या आत असेल आणि बाहेर कोणाला इजा होत नसेल तर नोंद ठेवते, लिहीत नाही. पैसा, हत्यार, पोलीस किंवा निवडून आलेला माणूस यातलं काही त्याला जोडलं गेलं की लिहिते. आणि लिहिताना त्यांचे शब्द कमी, त्यांची बिलं जास्त. नेत्याचं तेजस्वी वगैरे वर्णन तर नकोच, असल्या माणसांचे डोळे भेदक असतात असं लिहिणाऱ्यांची मला फार गंमत वाटते.

माझी मुलगी हेच काम करते, पुढच्या महिन्यात तणावाच्या भागात जातेय. थांबवू शकत नाही. मी काय करू? – एक आई

काकू, थांबवू नका हे मी म्हणणार नाही, पण तुम्ही थांबवणार नाही आहात हे पत्रावरून दिसतंयच. तिला तीन गोष्टी विचारा. विमा कोण काढतंय? २०१४ मध्ये सीरियात जेम्स फोली आणि स्टीव्हन सॉटलॉफ हे दोघं फ्रीलान्स पत्रकार मारले गेले, त्यानंतर बऱ्याच मोठ्या माध्यमांनी लेखी मान्य केलं की फ्रीलान्सरची जबाबदारी पगारी माणसासारखीच घ्यायची. तेव्हा विमा मागायला लाजायचं कारण नाही, तिला हे सांगा. दुसरं, कामासाठी बघावे लागणारे हिंसेचे व्हिडिओ आणि फोटो ती रात्री झोपायच्या आधी बघते का? आवाज बंद करून, स्क्रीन लहान करून, दिवसा बघायचे, हे तिला माहीत असेल पण पाळत नसेल, मी पण पाळत नव्हते.

आणि तिसरं, फोनची वेळ ठरवा. दिवसातून दोनदा, घड्याळ लावून, ‘जमेल तसं करते’ चालणार नाही. वेळेवर फोन आला नाही तर अर्धा तास थांबायचं आणि मग कोणाला फोन करायचा, त्या माणसाचं नाव आणि नंबर तिच्याकडून कागदावर लिहून घ्या. मोबाईलमध्ये नको, कागदावर. माझ्या आईने तो कागद देवघराच्या खणात ठेवला होता आणि एकदा तिला तो वापरावा लागला. माझी फक्त बॅटरी संपली होती, पण तिने बरोब्बर एकतिसाव्या मिनिटाला फोन लावला होता.